डिस्क शंभर टक्के, काम शून्य

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप. ही तीन बटणं एकदम दाबा. दाबली? विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. आता ‘परफॉर्मन्स’मध्ये जा आणि डावीकडे ‘डिस्क’ लिहिलंय त्यावर क्लिक करा. सध्या मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. लिफ्टमध्ये सांगतो, भाजीवाल्याकडे उभ्या उभ्या सांगतो. पाहुण्यांसमोर हार्ड डिस्कचा विषय काढायचा नाही, असा बायकोने दमच भरलाय. पण अहो, काय सापडलंय मला!

आमचा कॉम्प्युटर २०१५ सालचा. सोसायटीचे हिशोब, मेंटेनन्सची बिलं, मीटिंगची इतिवृत्तं, सगळं त्याच्यावर. तो इतका मंदावला होता की बटण दाबून आंघोळ उरकून आलं तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच आहे. उपाय विचारले तर उत्तरं ठरलेली. दुकानदार म्हणाला, नवा घ्या. शेजारी म्हणाले, व्हायरस असेल. उरलेल्या सगळ्यांचं एकमत: फॉर्मॅट मारा. ताप कशाचा ते न बघता सलाइन लावण्यातलाच हा प्रकार, पण आपल्याकडे त्यावर लोकांची भारी श्रद्धा.

भाचा बंगळुरूला असतो. तो फोनवर म्हणाला, “मामा, तू काही उडवू नकोस. आधी टास्क मॅनेजर उघड आणि डिस्क किती टक्के आहे ते सांग.”

शंभर! प्रोसेसर आठ-दहा टक्क्यांवर पाय पसरून बसलेला, रॅम निम्मी मोकळी, आणि डिस्क सलग शंभर टक्के. खरी गंमत त्याच्या खाली होती. वाचायचा वेग, सेकंदाला ०.४ एमबी. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एखादा सिनेमा कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला दीडशे एमबी द्यायची. ती जीव तोडून राबतेय आणि पदरात अर्धा एमबीसुद्धा नाही? मग एवढी ताकद जाते कुठे?

जाते येण्याजाण्यात! डिस्कच्या आत तबकड्या फिरतात हे ऐकून होतो, पण त्या मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला १२०, हे कधी डोक्यात शिरलंच नव्हतं. एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. वर एक दांडा, त्याच्या टोकाला हेड. काही वाचायचं झालं की दांडा आधी सरकून नेमक्या ट्रॅकवर जाणार, त्याला साधारण ९ मिलिसेकंद. मग हवा तो तुकडा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबणार, सरासरी अर्धी फेरी, आणखी ४. झाले १३. म्हणजे सेकंदाला खेपा होणार जेमतेम पंच्याहत्तर. आणि एका खेपेत विंडोज पुष्कळदा मागते किती? ४ केबी! करा गुणाकार. ३०० केबी! पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने केलेलं गणित आणि पडद्यावरचा आकडा शेजारी शेजारी आले, तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात एक चक्कर मारून आलो. सलग फाइल असली की दांडा जवळजवळ जागच्या जागी, खालून तबकडी वाहतेय, दीडशे एमबी. तीच माहिती बारीक तुकड्यांत इथेतिथे पसरलेली असली की पाचशेपट हळू. डिस्क तीच, आणि त्यात बिघाड काडीचाही नाही.

हे वाचता वाचता आयबीएमच्या रॅमॅकपर्यंत पोचलो. १९५६ सालचं यंत्र, त्यात २४ इंची ५० तबकड्या आणि एवढ्या पसाऱ्यात मावायची फक्त पन्नास लाख अक्षरं. हव्या त्या जागी पोचायला त्याला सरासरी ६०० मिलिसेकंद लागायचे. माझ्या १ टीबीच्या डिस्कला १३. म्हणजे साठ वर्षांत साठवण निदान दोन लाखपट वाढली आणि पोचायचा वेळ पन्नासपटही घटला नाही! हे शाळेत का नाही शिकवत कोणी?

आता मागणारे कोण, ते बघायचं. त्यासाठी विंडोजमध्येच ‘रिसोर्स मॉनिटर’ आहे, फुकट, आणि आपण तो उघडतसुद्धा नाही. त्यात या क्षणी कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल वाचतोय ते नावानिशी दिसतं. आमच्याकडे चालू केल्या केल्या अँटिव्हायरस, विंडोज अपडेट, सर्चचं इंडेक्सिंग आणि फोटो वर चढवणारा प्रोग्रॅम असे चौघे एकाच दांड्याला चार दिशांना ओढत होते. नको ते स्टार्टअपमधून काढले, अँटिव्हायरसचं स्कॅनिंग दुपारच्या झोपेच्या वेळेवर टाकलं. चालू व्हायचा वेळ तिथेच निम्म्यावर आला.

पण एक दुखणं उरलंच. मधूनच सगळं गोठायचं. माउससुद्धा नाही. भाचा म्हणाला, “इव्हेंट व्ह्यूअर बघ.” ही विंडोजची दैनंदिनी, आणि तिच्यात पिवळ्या त्रिकोणांची रांग! क्रमांक १२९, डिस्कचं कनेक्शन रीसेट केल्याची नोंद. वेळा जुळवल्या तर प्रत्येक गोठण्याशी एकेक त्रिकोण तंतोतंत बसला.

मग उतरवलं ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’. डिस्क स्वतःच्या तब्येतीची टिपणं स्वतः ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात, आणि हा प्रोग्रॅम ती आपल्याला वाचून दाखवतो. वर निळ्या चौकटीत ‘गुड’. ते बघून बंद केलं असतं तर सगळं मुसळ केरात! खालच्या तक्त्यात ०५, म्हणजे निकामी ठरवून बदललेल्या सेक्टरांची संख्या, शून्य. सी५, वाचता न येऊन ताटकळत ठेवलेले सेक्टर, शून्य. आणि सी७? तिथे लिहिलेलं ४बी२. हे आकडे सोळाच्या पायात असतात. मांडून बघितलं, १,२०२! सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर माहिती चुकीची पोचल्याची मोजणी. शिवाय ट्रान्स्फर मोडसमोर दोन आकडे होते. उजवीकडे डिस्कची ऐपत, साटा ६००. डावीकडे प्रत्यक्ष जोडणी, साटा १५०. तबकड्या ठणठणीत, वाट खराब. म्हणजे केबल!

प्लग काढून कॅबिनेटचं झाकण उघडलं. आत धुळीची गोधडी. डिस्कला दोन जोडण्या असतात, रुंद ती विजेची, अरुंद सात पिनांची ती माहितीची. त्या अरुंद जोडणीची लाल चपटी केबल प्लगपाशीच काटकोनात मोडली होती, झाकणाने वर्षानुवर्षं दाबून. नवी केबल शंभरेक रुपयांत आली. लावली, चालू केलं. साटा ६००, दोन्हीकडे! सी७चा आकडा मात्र १,२०२च. तो कधी कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, आणि थांबला हीच बातमी. त्या दिवसापासून एक पिवळा त्रिकोण नाही.

आता वेग मोजायचा चाळा लागलाय. ‘एचडी ट्यून’ डिस्कचा आलेख काढतं, तो डावीकडे उंच सुरू होऊन उजवीकडे उतरत जातो. पहिल्यांदा बघून पोटात गोळा आला होता. पण नाही, तो असाच असतो! बाहेरचा ट्रॅक लांब, एका फेरीत त्याच्यावर जास्त माहिती मावते, आतला आखूड. सीडी आतून बाहेर वाचतात, हार्ड डिस्कची सुरुवात बाहेरून, म्हणून भरत जाते तशी ती हळू होते. आणि हे ऐका, २००८ साली ब्रेंडन ग्रेग नावाच्या इंजिनिअरने डिस्कच्या कपाटापुढे उभं राहून चक्क ओरडून दाखवलं, आणि पडद्यावर डिस्कचा प्रतिसाद तेवढ्यापुरता मंदावलेला दिसला! आवाजाने थरथर होते, हेडचा नेम चुकतो. मीही आमच्या डिस्कवर ओरडलो. काही दिसलं नाही, पण वरच्या मजल्यावरचे काका विचारायला खाली आले.

बरं झालं आले. त्यांचाही कॉम्प्युटर रडत होताच. वर जाऊन बघितलं तर चौकट पिवळी, ‘कॉशन’. सी७ शून्य, सी५ मात्र चाळीसच्या वर, आणि चहा होईपर्यंत आणखी वाढलेला. इथे केबलचा संबंध नाही, इथे तबकडीच चाललीय. अशी डिस्क एकेक सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि तोवर सगळं खोळंबतं. काका डीफ्रॅगची, म्हणजे विखुरलेले तुकडे सलग लावण्याची, खिडकी उघडून बसले होते, ती मी अक्षरशः झडप घालून बंद केली. मरणाऱ्या डिस्ककडून जादा खेपा करून घ्यायच्या नाहीत, डिस्क तपासणारी चेकडिस्कसुद्धा नंतर. आधी जे मौल्यवान ते बाहेर. बाहेरची डिस्क जोडली आणि नातीच्या बारशाचे फोटो आधी ओढले, मग पेन्शनची कागदपत्रं, गाणी सगळ्यात शेवटी. दोन गाणी अडकली, बाकी सगळं निघालं.

उद्या त्यांच्याकडे एसएसडी बसवायची आहे. तिच्यात दांडा नाही, तबकडी नाही, फिरणारं काहीच नाही, आणि आमचे १३ मिलिसेकंद तिथे एका मिलिसेकंदाच्याही खूप खाली! काकांनी स्क्रूड्रायव्हर काढून ठेवलाय. मी मात्र आजच रात्री जाऊ म्हणतोय.