तापाची रजा

अंगात ताप नसताना मला तापाची रजा मंजूर झाली, हे अजून सलतं.

मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स. दोघी जणी सोडून गेल्या, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, आणि ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ म्हणत नाइटला जोडून मॉर्निंग लागायला लागली. कुठल्याही सिस्टरला विचारा, हे तिला पाठ असेल.

थकवा मला नवा नव्हता. झोप काढली की उतरायचा. या वेळी उतरेना. त्याहून वाईट म्हणजे माझं बोलणं बदललं. पूर्वी मी ‘काका, जरा या कुशीवर वळा’ म्हणायचे. आता ‘चार नंबरला वळवायचंय’ एवढंच निघायचं. चार नंबरची मुलगी दाराशी रडवेल्या तोंडाने काही विचारायची, तेव्हा हिने लवकर आटपावं, एवढंच मनात यायचं.

त्याच सुमारास एचआरने ‘बर्नआउट’वर व्याख्यान ठेवलं. दीर्घ श्वास घ्या, मोबाइल लांब ठेवा, सकारात्मक राहा. मला त्या शब्दाचीच चीड आली. एसीत बसणाऱ्यांचं खूळ, असं वाटलं.

मग वाचत गेले तर निघालं उलटंच. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणारी माणसं कशी आतून संपत जातात, हे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली लिहिलं, आणि तिथून हा शब्द अभ्यासाच्या पुस्तकांत आला. म्हणजे आमच्याच जातकुळीतली माणसं! पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगं सांगितली: गळून जाणं, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखं बघू लागणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. दुसरं वाचलं आणि मला रडू कोसळलं. चार नंबर!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये व्याख्या दिली, ती अशी की कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की हे होतं. ‘कामाच्या ठिकाणचा’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. व्याख्यानात ते कुणी उच्चारले नव्हते.

मी रजेच्या अर्जात सरळ ‘बर्नआउट’ लिहिलं. व्याख्यान ठेवणाऱ्या एचआरच्याच टेबलावरून अर्ज परत आला. मेडिकल सर्टिफिकेट जोडा म्हणे. डॉक्टरांकडे गेले. ते भले गृहस्थ, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सिस्टर, हे खरं आहे, पण आजारांच्या वर्गीकरणात याला आजार म्हटलेलं नाही. यावर सर्टिफिकेट कसं देऊ?’ तेही बरोबर होतं. संघटनेने त्याला कामाशी निगडित स्थिती म्हटलंय, व्याधी नव्हे. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी लिहिलं, ‘व्हायरल ताप, अशक्तपणा, विश्रांती आवश्यक.’

तो कागद ठेवताच सही झाली. वर ‘काळजी घ्या हं सिस्टर, नारळपाणी प्या’ असा सल्ला. ज्या माणसाने माझा खरा अर्ज परत केला होता, त्याच माणसाचा हा जिव्हाळा! खरं सांगितलं तेव्हा मी कामचुकार, आणि खोटा कागद आणला तेव्हा बिचारी आजारी. रजेत झोप लागायची, पण जाग आली की हाच प्रसंग डोक्यात घोळायचा. आपण रोज दुसऱ्यांचा ताप मोजून खरा आकडा लिहितो, आणि आपल्या नावावर हा न आलेला ताप.

याला आजार म्हणायला हवं, असं तेव्हा मी तावातावाने सांगत सुटले. आता तशी खात्री वाटत नाही. आजार म्हटलं की गोळ्या सुरू होतील आणि त्याच रोस्टरवर परत पाठवतील. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स, असं आम्हाला शिकवलं होतं. ते पाळलं तर मला अर्ज कशाला करावा लागेल? नव्या मुलींना मी सांगते, लागलेली प्रत्येक डबल ड्यूटी तारीख घालून वहीत लिहा. तोंडी तक्रार कुणी ऐकत नाही.

आणि आमच्या मावशी? बेडपॅन, फरशी, कपडे, सगळं त्यांच्यावर. त्या ठेकेदाराकडच्या, म्हणून व्याख्यानाला बोलावलं नाही आणि दांडी झाली की पगार कापला. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी मी मेट्रन मॅडमकडे गेले, तर ‘तो ठेकेदाराचा प्रश्न’ असं उत्तर मिळालं. ठेकेदार म्हणतो, हॉस्पिटलला विचारा. मी अजून दोघांनाही विचारतेच आहे.