खंडेनवमीचे गिरमीट

खंडेनवमीस अवजारे पूजेला मांडताना बॅटरीवर चालणारे गिरमीट हाती घेतले, तो ते निष्प्राण! दसऱ्यासाठी देवळाच्या सभामंडपात तोरणाचे आकडे बसवून देण्याचे मी कबूल केले होते.

ज्येष्ठात मी ते मुद्दाम पूर्ण उतरेपर्यंत फिरवून माळ्यावर ठेवले होते. निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांना हा उपचार मानवे. विद्यार्थीदशेत ऐकलेली ती गोष्ट मी पूर्वनिवाड्यासारखी प्रमाण मानली. पण पक्षकार बदलला होता. लिथियम-आयन बॅटरी रिती ठेवली की पडल्या पडल्या आणखी उतरते आणि मर्यादेखाली गेली की चार्जर तिचा अर्जच दाखल करून घेत नाही. ती निम्मी भरून, अवजारापासून सुटी करून, थंड व कोरड्या जागी ठेवावी लागते. कौलांखालचा आमचा माळा उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात दमट.

शेजारीच वडिलांचे हाताने फिरवायचे गिरमीट होते. दर पावसाळ्याआधी ते त्याला तेल चोळीत, तेव्हा मी हसत असे. त्या रात्री लाकडी तुळईला सगळी भोके त्यानेच पाडली. खांदा दोन दिवस दुखत होता.

नवी बॅटरी आता माझ्या कपाटात, वकीलपत्रांच्या खणात असते. दर संकष्टीला तिचे दिवे पाहतो.