आधी निदान, मग खर्च

आमच्या घरी २०१० सालची मारुती ८०० आहे. नंबर एमएच ३५, म्हणजे आपल्या गोंदियाचाच. गाडी दुसऱ्याच्या हातची घेतलेली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती मुदत संपली तेव्हा तपासणी करून, फी भरून नोंदणी पुन्हा करून घेतली. कारकुनाच्या पगारात नवी गाडी बसत नाही, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. शिवाय ही गाडी आता आमच्या एकट्याची राहिलेली नाही. मोहल्ल्यात रात्री कोणाच्या छातीत दुखू लागले किंवा कोणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, की आमच्याच दाराची कडी वाजते.

गेल्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, अशाच एका सुनेला घेऊन गोरेगावकडून गोंदियाला येत होतो. वळण आले की पुढून कट-कट-कट आवाज येई. रस्ता सरळ झाला की बंद. तिची सासू मागून म्हणाली, "भाऊ, गाडी पोहोचवेल ना?" मी हो म्हणालो, पण माझ्याच पोटात गोळा आला होता. बाई सुखरूप पोहोचली, मुलगी झाली. तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथे आवाज नीट न ऐकताच "गिअरबॉक्स खोलावा लागेल" असे सांगून चौदा हजारांचा अंदाज दिला. मुलीच्या नर्सिंगच्या पहिल्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम जवळपास तेवढीच होती. पत्नी म्हणाली, "ऑफिसात एका रुपयाचा फरक निघेपर्यंत तुम्ही घरी येत नाही, आणि इथे न तपासता चौदा हजार देता?"

बोलणे लागले, पण खरे होते. ट्रायल बॅलन्स जुळला नाही तर आम्ही सगळ्या वह्या नव्याने लिहीत नाही. एकेक खाते तपासून बाजूला ठेवतो. जे उरते त्यात चूक असते. शेजारचे मामाजी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "गाडीला हात लावायच्या आधी ती कधी वाजते आणि कधी वाजत नाही, ते लिहून आण."

मी वही घेतली. पहिले खाते क्लचचे. चढावर इंजिन जोरात फिरते पण गाडी वेग धरत नाही, जळका वास येतो, तर क्लच प्लेट झिजली समजावे. आमच्या गाडीत तसे नव्हते. दुसरे गिअरबॉक्सचे. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू, तेव्हा घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सचे बेअरिंग संशयित. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर तो गिअर. यापैकी काहीच नव्हते. म्हणजे चौदा हजारांचे खाते बाजूला.

मग मी छातीठोकपणे सांगितले, चाकाचे बेअरिंग गेले. मामाजी हसले. बेअरिंग हुंकारते, वेग वाढला की हुंकार वाढतो, सरळ रस्त्यावरही येतो. खात्रीसाठी जॅक लावून चाक हाताने फिरवले, वर-खाली धरून हलवले. चाक डगमगले नाही. माझा अंदाजही चुकला.

शेवटी मैदानात गेलो. स्टेअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरलो आणि मुलगी थोडे अंतर ठेवून बाजूने चालली. कट-कट सुरू होताच ती ओरडली, "बाबा, उजव्या चाकातून!" चाकामागे बॅटरी मारून पाहिले, तर एक्सलवरचा रबरी बूट चिरलेला आणि आतले काळे ग्रीस रिमवर उडालेले.

इथे थोडी माहिती द्यावीशी वाटते. अ‍ॅम्बेसेडर किंवा जुन्या जीपमध्ये इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मधे लांब शाफ्ट आणि त्याचे क्रॉस. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना. जे चाक वळते त्यालाच फिरवायचेही असते. साधा क्रॉस जास्त कोनात एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. म्हणून तिथे गोळ्यांचा जॉइंट असतो; गोळ्या खाचांमधून सरकतात आणि चाक वळलेले असतानाही फिरणे सारखे राहते. इंग्लंडच्या मिनी मोटारीने १९५९ पासून छोट्या गाड्यांत हा जॉइंट रूढ केला. त्याचा जीव त्या रबरी बुटात. बूट फाटला की ग्रीस बाहेर, चिखल-रेती आत. खाचा झिजतात आणि वळणावर गोळ्या वाजू लागतात. दुर्लक्ष केले तर एक दिवस जॉइंट तुटतो आणि गाडी जागची हलत नाही.

रविवारी अंगणातच काम झाले. हबचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल केला. मागच्या चाकांना अडण लावली. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवला नाही. खाली भक्कम स्टँड ठेवले. विटा कधीच ठेवू नयेत, त्या फुटतात. मामाजींनी जॉइंट बदलला, नवे ग्रीस, नवा बूट, नवी स्प्लिट पिन. डाव्या बुटालाही भेगा दिसल्या, तोही बदलला. मी हत्यारे देत होतो. सगळा खर्च अंदाजाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आला. मुलीचा हप्ता वेळेवर भरला.

पण दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही. रिमवरचे ते काळे डाग मला पावसाळ्याआधीच दिसले होते. मी ते रॉकेलच्या फडक्याने पुसून टाकले होते. तेव्हाच वाकून पाहिले असते तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागले असते, आणि त्या रात्री एका माउलीला घेऊन मी धोका पत्करला नसता.

प्रत्येकाने गाडी स्वतः खोलावी असे माझे म्हणणे नाही. जे काम येत नाही ते जाणत्याकडूनच करून घ्यावे. पण आवाज कधी येतो, कोणत्या बाजूने येतो, कशाने थांबतो, एवढे तरी आपण लिहून न्यावे आणि "हेच गेले हे कशावरून?" असे विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. आता महिन्यातून एकदा मुलगीच बॅटरी घेऊन चारही चाकांमागे पाहते आणि वहीत तारीख टाकते.