आमटीतलं झुरळ

गॅदरिंगच्या वादविवाद स्पर्धेचा विषय नोटीस बोर्डवर लागला आणि आमच्या मजल्यावर एकच हशा पिकला. विषय होता, 'कॉलेजबाहेर विद्यार्थी सोशल मीडियावर काय टाकतो, यावर कॉलेजचे नियंत्रण असावे काय?' रूम पार्टनर म्हणाला, "लेका, तू नाव दे. तुला तयारीच करायला नको!"

खरं होतं ते. सेकंड इयरला असताना मेसच्या आमटीत झुरळ निघालं. (आमटीत डाळ सापडली असती तर जास्त दचकलो असतो!) मी फोटो काढला आणि रविवारी गेटबाहेरच्या टपरीवर चहा पिता पिता इन्स्टाग्रामवर टाकला. खाली लिहिलं, 'आजचा स्पेशल मेनू'. सोमवारी दुसरं लेक्चर चालू असताना शिपाई चिठ्ठी घेऊन हजर. रेक्टर सरांच्या टेबलावर माझ्या स्टोरीची चक्क कलर प्रिंट! "कॉलेजची बदनामी केलीस. वडिलांना घेऊन ये." झुरळाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

बाबा पहाटेच्या एसटीने आले. सोयाबीन काढणीचे दिवस, मजूर शेतात सोडून आले. इन्स्टाग्राम म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पोराने काहीतरी भयंकर केलंय एवढंच कळलं होतं. आत शिरल्या शिरल्या त्यांनी सरांपुढे हात जोडले. मी माफीनामा लिहून दिला, सही ठोकली. त्यात काय लिहिलं ते आज आठवतही नाही. ते जोडलेले हात मात्र आठवतात. परत जाताना स्टँडवर बाबांनी एकच विचारलं, "झुरळ खरंच होतं ना रे?"

तेव्हा नाव दिलं ते अर्थातच विरुद्ध बाजूने. मुद्दे शोधायला बसलो तर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळकरी मुलीची केस सापडली. २०१७ मध्ये चिअरलीडिंगच्या मुख्य संघात निवड झाली नाही म्हणून तिने शनिवारी एका दुकानातून स्नॅपचॅटवर शाळेला शिवी हासडली. शाळेने तिला वर्षभरासाठी संघाबाहेर काढलं. प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि जून २०२१ मध्ये आठ विरुद्ध एक मताने ती जिंकली! आपल्याकडचंही उदाहरण होतंच. मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, पुण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने दुसऱ्याची पोस्ट इन्स्टाग्रामवर शेअर केली. दोन तासांत काढली, माफीही मागितली. तरी कॉलेजने तिला काढून टाकलं, शिवाय अटकही झाली. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, कॉलेजचा आदेश थांबवला आणि परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं. कॉलेजने तिचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं. पोस्ट आवडो न आवडो, एवढं तरी करायला हवं की नको?

मी खूश. पण अमेरिकेचा निकाल पुढे वाचला आणि पंचाईत झाली. शाळेबाहेर शाळेचा काहीच अधिकार नाही, असं कोर्टाने म्हटलेलंच नाही. कुणाचा गंभीर छळ झाला, कुणाला धमकावलं, तर शाळा लक्ष घालू शकते म्हणे. आणि मला समोरच्या खोलीतला फर्स्ट इयरचा मुलगा आठवला.

गेल्या वर्षीची गोष्ट. इंग्रजीतून सेमिनार देताना तो अडखळला. आमच्याच बॅचच्या तिघांनी व्हिडिओ काढला, त्याचे स्टिकर केले, रोज रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच. सगळं कॉलेजच्या वेळेबाहेर! आधी त्याने मेसला येणं सोडलं. मग एका रात्री बघतो तर ट्रंक भरतोय. "दादा, मी घरी जातो. मला नाही जमणार." ग्रुपमध्ये मीही होतो. हसलो नव्हतो, पण बोललोही नव्हतो.

साडेअकराला रेक्टर सरांचं दार वाजवलं. हो, तेच सर! ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण हे तर कॉलेजबाहेरचं आहे ना रे?" टोमणा गिळला. म्हटलं, "सर, तो सकाळच्या गाडीने जाईल." त्यांनी चपला घातल्या. दीड वाजेपर्यंत त्या पोराच्या खोलीत बसून होते. दुसऱ्या दिवशी तिघांना एकेकटं बोलावलं, आधी त्यांचं ऐकलं. ग्रुप बंद झाला. ना प्रिंट, ना बोर्डावर नावं. पुढे कळलं की महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्यात संस्थेच्या 'आत किंवा बाहेर' असंच लिहिलंय. तेव्हा व्हॉट्सॲप कुठे होतं?

असो. स्पर्धेत विरुद्ध बाजूने उभा राहिलो आणि दोनच मिनिटांत अर्धा पक्ष बदलला. म्हटलं, पोरगा ट्रंक भरत असेल तर कॉलेजने रात्री साडेअकरालाही यावं, आमची ना नाही. पण आमटीचा फोटो आला तर आधी आमटी बघावी, मग फोटो काढणाऱ्याला विचारावं, आणि त्याच्या बापाला एसटीत बसवायच्या आधी... इथे घंटा झाली. बक्षीस कसलं मिळतंय!

सर पहिल्याच रांगेत होते. खाली उतरल्यावर म्हणाले, "तुझा तो माफीनामा अजून फाईलला आहे. येऊन घेऊन जा."

अजून गेलो नाही. पुढच्या महिन्यात बाबा येणार आहेत, त्यांच्या समोरच घेईन म्हणतो.