ब्रायटनचा बाजार

ब्रायटनला मी गेलो तो समुद्र पाहायला. फुटबॉलशी माझा संबंध शाळेत असताना एकदा चेंडू नाकावर बसला होता, तेवढाच. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून निघालेल्या आगगाडीने तासाभरात ब्रायटन गाठले आणि भाच्याने सामान उचलता उचलताच फर्मान काढले, "मामा, गुरुवारी रात्री काही ठरवू नका. घरमालकांनी तुमचं तिकीट काढलंय. आयाक्सशी मॅच आहे." आयाक्स हे तोपर्यंत मी भांडी घासायच्या पावडरीचे नाव समजत होतो!

ही गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबरातली. हवेत गारठा होता. समुद्रकिनारा म्हटला की आपल्याला वाळू दिसते. इथे मैलोगणती नुसते गोटे. त्यावरून चालणे म्हणजे नवशिक्या डोंबाऱ्याचा खेळ. त्यातून डोक्यावर घिरट्या घालणारे ते धिप्पाड सीगल! पहिल्याच दिवशी त्यांतल्या एकाने माझ्या हातातला बटाट्याचा काप अशा काही सफाईने पळवला, की राग येण्याऐवजी टाळी वाजवावीशी वाटली. या गावच्या फुटबॉल क्लबचे टोपणनावही 'सीगल्स' आहे. हे पाखरू मात्र दुसऱ्याच्या हातातले पळवण्यापेक्षा स्वतःच्या चोचीतले विकण्याबद्दल प्रसिद्ध आहे, हे मला नंतर कळले.

गावाच्या मधोमध रॉयल पॅव्हेलियन नावाचा एक अजब राजवाडा आहे. पुढे चौथा जॉर्ज झालेल्या राजपुत्राने जॉन नॅश या वास्तुकाराकडून तो सजवून घेतला. बाहेरून पाहावे तर घुमट, मिनार, जाळ्या, म्हणजे आपल्याकडचा एखादा नबाब वाट चुकून इथे स्थायिक झाला असावा! व्हिक्टोरिया राणीला मात्र तो मानवला नाही. तिने आतले सामानसुमान हलवले आणि १८५० मध्ये गावाने ५३ हजार पौंडांना तो विकत घेतला. पहिल्या महायुद्धात इथेच जखमी हिंदी शिपायांचे इस्पितळ होते. जे वाचले नाहीत, त्यांतल्या त्रेपन्न हिंदू आणि शीख जवानांचे दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झाले. तिथे पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे. भाच्याबरोबर मी ती चढण चढून गेलो. मेंढ्या चरत होत्या, खाली समुद्र चमकत होता. आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

भाच्याचे घरमालक हे टपालखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, वय पंचाहत्तरीच्या पुढे. वरच्या मजल्यावर भाचा, खाली ते, त्यांची मुलगी आणि अकरा वर्षांचा नातू. गुरुवारी मॅचला निघण्यापूर्वी चहा होता. नातू निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून बसला होता. पाठीवर आकडा २५ आणि नाव 'काइसेदो'.

"हा खेळाडू आज खेळणार का?" मी आपले काहीतरी बोलायचे म्हणून विचारले.

टेबलावर शांतता पसरली. बटाटेवड्यात केस निघावा तशी! भाच्याने मला टेबलाखालून पाय लावला.

हकीकत अशी. मोइसेस काइसेदो हा इक्वेडोरचा पोरगा. दहा भावंडांतले शेंडेफळ, घरची गरिबी. ब्रायटनने २०२१ मध्ये त्याला पन्नासएक लाख पौंडांत आणले. दोन वर्षांत तो मधल्या फळीचा कणा झाला. २०२३ च्या जानेवारीत लंडनच्या आर्सेनलने सहा कोटी, मग सात कोटी पौंड देऊ केले. पोराने जाहीर पत्र लिहून 'मला जाऊ द्या' म्हटले. क्लबाने नाही म्हटले आणि मार्चमध्ये त्याच्याशी नवा, लांब मुदतीचा करार केला. त्या मोसमात ब्रायटन सहावे आले आणि इतिहासात प्रथमच युरोपातल्या स्पर्धेला पात्र ठरले. ऑगस्टमध्ये चेल्सीने दहा कोटी रोख आणि वर दीड कोटीचा वायदा केला, तेव्हा तो गेला. त्याच उन्हाळ्यात अॅलेक्सिस मॅक अॅलिस्टर हा अर्जेंटिनाचा जगज्जेता लिव्हरपूलला गेला होता. त्याआधी वर्षभरात कुकुरेया, बिसूमा आणि ट्रोसार अशी मंडळी गेली. २०२२-२३ च्या हिशेबात क्लबाला १२ कोटी २८ लाख पौंड नफा झाला. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये तोवर तेवढा कोणी दाखवला नव्हता.

"नफा!" मुलगी किटली आपटत म्हणाली. "नफा कपाटात मांडून ठेवता येतो का? शंभर वर्षांवर झाली, लीग नाही, एफ. ए. कप नाही. एकदा, एकदाच चांगला संघ जमला, तर त्याचा लिलाव. आम्ही वर्षभराची तिकिटं घ्यायची ती काय, दरवर्षी ऑगस्टात पाठवणी करायला?" ('पाठवणी' हा शब्द अर्थात माझा, पण तिच्या चेहऱ्यावर भाव तोच होता.)

मला तिचे म्हणणे शंभर टक्के पटले. आपण मध्यमवर्गीय माणसे. घरातली जुनी शिवणयंत्रेसुद्धा आपल्याच्याने विकवत नाहीत.

म्हातारबुवांनी शांतपणे पाव चहात बुडवला. "तू १९९७ साली लहान होतीस," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले.

त्यांच्या तरुणपणी क्लबाचे मैदान शेजारच्या होव्हमध्ये होते, गोल्डस्टोन. १९८३ साली कपाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडला बरोबरीत रोखणारा संघ तिथलाच. (फेरसामन्यात चार गोल खाल्ले, हे त्यांनी जरा भरभर सांगितले.) पुढे पैशाची ओढाताण झाली आणि त्या वेळच्या चालकांनी मैदानच विकून टाकले. १९९७ च्या एप्रिलात तिथे शेवटचा सामना झाला, आणि आज तिथे दुकाने आहेत. मे महिन्यात हेरफर्डला बरोबरी साधली म्हणून लीगमधले नाव कसेबसे टिकले. हेरफर्ड बाहेर गेले. मग दोन वर्षे 'घरचे' सामने सत्तर मैलांवरच्या जिलिंगहॅमला. त्यानंतर बारा वर्षे विदिनच्या धावण्याच्या मैदानावर, तात्पुरत्या बाकांवर, पावसात भिजत.

"खेळाडू विकला तर दुसरा आणता येतो," म्हातारबुवा म्हणाले. "मैदान विकलं, तेव्हा शनिवारी दुपारी जायचं कुठे हेच मला कळेना. बायको म्हणायची, घरात पिंजऱ्यातल्यासारखे फिरू नका."

मुलगी यावर काही बोलली नाही. पण पटलेही नसावे. तिने बापाच्या गळ्यात मफलर मात्र गुंडाळला.

फाल्मरला गाडी दहाएक मिनिटांत पोचते. टेकड्यांच्या कुशीत दिव्यांनी उजळलेले, बत्तीस हजारांच्या आसपास माणसे मावणारे ते मैदान २०११ मध्ये उघडले. टोनी ब्लूम या धनिकाने पदरचे पैसे बिनव्याजी घालून ते उभे केले. हे गृहस्थ गणिताचे पदवीधर, पत्ते आणि पैजांवर श्रीमंत झालेले, आणि त्यांचे आजोबाही या क्लबाच्या कारभारात होते. जगभरच्या खेळाडूंचे आकडे चाळून, जपानपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत स्वस्तातला माल हेरायचा, तयार करायचा आणि गिऱ्हाईक गरजू झाले की विकायचा, असा त्यांचा धंदा. वाणी म्हणा, जुगारी म्हणा. पण मोजून मापून खेळणारा.

त्या रात्री समोर होते अॅम्स्टरडॅमचे आयाक्स, चार वेळा युरोपचे विजेते. तेही पोरे घडवून विकण्यातच नामांकित. २०२२ मध्ये एकट्या अँटनीचे त्यांना साडेनऊ कोटी युरोंच्या घरात मिळाले होते. मग २०२३ च्या उन्हाळ्यात टिंबर, कुडूस, आल्वारेझ असे मोहरे विकून त्यांनी डझनभर नवे आणले, आणि ऑक्टोबरात पाहावे तर आपल्याच देशाच्या लीगमध्ये तळाशी! त्याच आठवड्यात प्रशिक्षकही गेला होता. पांढऱ्या सदऱ्यावर लाल पट्टा घातलेली ती पोरे एकमेकांकडे अशी पाहत होती, जसे लग्नात चुकीच्या पंगतीला बसलेले पाहुणे.

ब्रायटनने दोन गोल केले. पहिला ब्राझीलच्या जुआव पेद्रोचा, दुसरा बार्सेलोनाहून उसन्या आणलेल्या आन्सू फातीचा. युरोपातला हा त्यांचा पहिलाच विजय. नातू खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. म्हातारबुवा बसूनच होते. चष्मा काढून पुसत होते, आणि तो पुसून झाला तरी पुसत होते.

परतताना गाडीच्या गर्दीत उभ्या उभ्या माझे मन हिंदकळत होते. विकू नये म्हणावे, तर इक्वेडोरच्या त्या शेंडेफळाला अडवणारे आपण कोण? आणि अडवल्यावर पुढचा पोरगा या गावी कशाला येईल? विकावे म्हणावे, तर समोर आयाक्सची ती भांबावलेली पोरे होती. मला तरी असे वाटते, की ब्रायटनची खरी कमाई जानेवारीतल्या नकारात आहे. सात कोटींना 'नाही' म्हणता आले, म्हणून उन्हाळ्यात दहा कोटी आले. ज्याच्यावर देणेकऱ्यांची टकटक चालू असते, त्याला नकार परवडत नाही. तो गोल्डस्टोन विकतो. पण एकाच वर्षात मधली फळी अशी उपटायला नको होती, हे मुलीचे म्हणणेही मी सोडायला तयार नाही. त्या मोसमाअखेर ब्रायटन सहाव्यावरून अकराव्यावर आले. पुढच्या वर्षी पुन्हा आठवे.

दुसऱ्या दिवशी नातवाला नवा सदरा घ्यायला आम्ही सगळे दुकानात गेलो. पाठीवर कोणाचे नाव घालायचे, यावर आजोबा म्हणाले, "तुझंच घाल. तुला कोणी घेऊन जाणार नाही." पोरगा ऐकेना. जुआव पेद्रोचेच हवे! आजोबांनी निमूटपणे पैसे मोजले.

२०२५ च्या जुलैत चेल्सीने जुआव पेद्रोला नेले. भाच्याने फोनवर बातमी सांगितली, तेव्हा मी आधी पोराची चौकशी केली.

"काही नाही, मामा," भाचा म्हणाला. "सदरा आता त्याला आखूड होतो. यंदा नुसता आकडा घातलाय."