वासंतीचा राग

गोंदिया जिल्ह्यात आमगावाजवळ पदमपूर नावाचे गाव आहे. हा सारा मुलूख भाताच्या बांध्यांचा. संस्कृत नाटककार भवभूती याने आपले कूळ विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे सांगितले आहे. ते पद्मपूर म्हणजे हेच गाव, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. भवभूती साधारणतः ८ व्या शतकात होऊन गेला. त्याची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या लोकांसाठी होती, असे त्यांच्या प्रस्तावनांवरून कळते. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटक पाहणाऱ्या झाडीपट्टीच्या माणसाला यात नवल ते काय वाटणार!

या तीन नाटकांपैकी दोन रामाची आहेत. 'महावीरचरिता'त विवाहापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा येते. तेथेच ती थांबती तर सर्वांना सुखाने घरी जाता आले असते. पण भवभूतीने पुढची कथा हाती घेतली आणि 'उत्तररामचरित' लिहिले. त्यात नद्या माणसांसारख्या बोलतात, वनदेवता पाहुण्यांचे स्वागत करतात आणि नायिका अदृश्य होऊन वावरते. या अद्भुताच्या मधोमध एक साधे, घरातले दुःख आहे.

पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहत असतात. ती पाहताना सीतेला पुन्हा एकदा वनात जावेसे वाटते. ती थकून रामाच्या हातावर डोके ठेवून झोपते, आणि त्याच वेळी लोकापवादाची वार्ता येते. राम रडतो, स्वतःला दोष देतो, पण तिला जागे करून काही विचारीत नाही. जागी झाल्यावर ती आनंदाने रथात बसते. आपली इच्छा पुरी होत आहे, असेच तिला वाटत असते.

मग बारा वर्षे लोटतात. कुश-लवांच्या बाराव्या वाढदिवशी सूर्यपूजेसाठी फुले वेचावयास भागीरथी सीतेला पंचवटीत पाठविते. तिला कोणा माणसाने, एवढेच काय वनदेवतांनीही पाहू नये, असा वर ती देते. सोबतीला तमसा नदी असते. नेमका त्याच वनात राम येतो.

वाचकाचा धीर सुटू लागतो तो येथे. सीतेने लहानपणी वाढविलेल्या हत्तीवर दुसऱ्या हत्तीने चाल केल्याचे ऐकू येताच ती 'आर्यपुत्रा, माझ्या बाळाला वाचवा' म्हणून हाक मारते. बारा वर्षांचा त्याग ती क्षणभर विसरूनच जाते! पुढे ओळखीची झाडे पाहून राम मूर्च्छित पडतो, तेव्हा तीच धावत जाऊन त्याला स्पर्श करते. तो शुद्धीवर येऊ लागताच मात्र ती घाबरते. परवानगीवाचून जवळ आल्याबद्दल राजा रागावेल, अशी तिला भीती वाटते. ज्याने टाकले त्याच्याच रागाची भीती, जिला टाकले तिला! हे वाचून मुलेच काय, मोठी माणसेही चिडतात.

भवभूतीला हे ठाऊक नसावे, असे वाटत नाही. म्हणून तर त्याने सीतेची सखी वासंती तेथे आणली. ही वनदेवता रामाला 'महाराज' म्हणून संबोधते आणि केवळ लक्ष्मणाचे कुशल विचारते. तेवढ्याने राम सारे उमजतो. पहिल्या अंकात वृद्ध कंचुकी सवयीने 'रामभद्र' म्हणून गेला आणि मग चुकल्यासारखे वाटून 'महाराज' म्हणाला, तेव्हा पूर्वीसारखीच हाक मारा, असे रामानेच त्याला सांगितले होते. तेथे ज्या शब्दात आदर होता, त्याच शब्दाने येथे दार लोटून घेतले. पुढे तर वासंती रामाला स्पष्टच विचारते, की इतके निष्ठुर कसे झालात? जे सीतेने विचारावयास हवे होते, ते तिची मैत्रीण विचारते. आणि शेजारी अदृश्य उभी असलेली सीता वासंतीलाच कठोर म्हणते!

तरी सीतेच्या मनात राग नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. तमसा तिच्याकडे निरखून पाहते, तेव्हा तिला त्या हृदयात निराशा दिसते, अन्यायाने आलेला गढूळपणा दिसतो आणि त्या सर्वांखाली प्रेमही दिसते. राम म्हणतो, की अश्वमेधासाठी आपल्याला सहधर्मचारिणी आहे. सीता दचकते. कोण ती? राम सांगतो, की ती सीतेचीच सोन्याची प्रतिमा. त्यागाच्या लज्जेचा काटा निघाला, असे तेव्हा सीतेला वाटते. म्हणजे काटा होता. बारा वर्षे तो सलत होता. तिने तो कोणाला दाखविला नव्हता, इतकेच. लपून ऐकण्याचा तो वर मिळाला नसता, तर रामाच्या मनातले तिला कधी कळलेही नसते. समोरासमोर त्याने ते सांगितलेच नव्हते.

रामायणाच्या उत्तरकांडात अखेरीस सीता धरणीच्या पोटात जाते आणि परत येत नाही. भवभूतीने हा शेवट बदलला. सातव्या अंकात वाल्मीकींनी रचलेले नाटक अप्सरा करून दाखवितात. राम आणि सारी प्रजा ते पाहत असते. सीतेचे दुःख रंगभूमीवर पाहून राम पुन्हा मूर्च्छित पडतो. तेव्हा वसिष्ठपत्नी अरुंधती खऱ्या सीतेला घेऊन पुढे येते आणि संकोच सोडून त्याला स्पर्श कर, असे तिला सांगते. सीता हात पुढे करते. या वेळी ती अदृश्य नसते आणि परवानगीची चिंताही तिला उरलेली नसते. तो हात सारी अयोध्या पाहत असते. मग अरुंधती त्या लोकांकडे वळते आणि आता तुमचे काय म्हणणे आहे, असे त्यांनाच विचारते.