डॅक, मल्टिमीटर आणि माझे कान

आज पिकाचं नाही, पण तुलनेचं आहे म्हणून इथंच लिहितो.

घरात जुना अँप्लिफायर अन् दोन लाकडी स्पीकर आहेत. संध्याकाळी धारा झाल्या की मोबाईलवरून भीमसेनजींचे अभंग लावतो. मोबाईलमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या दर्जाचं असेल तर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सेकंदाला 44,100 आकडे. त्यांचा विजेचा चढउतार करून देतो तो डॅक. माझा बोटभर लांबीचा, 800 रुपयांचा. भाचा पुण्याहून स्वतःचा 14 हजारांचा घेऊन आला. "मामा, ऐका तर एकदा." ऐकला. तबला जवळ आला, आवाज मोकळा झाला. मी मागवायलाच निघालो होतो. पैसे ठिबकच्या नळ्या बदलायला ठेवलेले, तेच.

रात्री डोक्यात आलं, कुणी खताचा प्लॉट दाखवला की आपण पहिलं विचारतो, पाणी दोन्हीकडं सारखं होतं का? इथं मी ते विचारलंच नव्हतं.

सकाळी मोटारीच्या पेटीतला मल्टिमीटर काढला. दोन्ही डॅकमधून 50 हर्ट्झचा एकसुरी आवाज लावला, कारण साधा मीटर लाइटच्या 50 हर्ट्झला नीट वाचतो. स्पीकरच्या तारांवर एसी व्होल्ट बघितले. अँप्लिफायरचं बटण जागचं हललं नव्हतं, तरी छोट्याला 2 व्होल्ट अन् मोठ्याला जवळजवळ 4. म्हणजे मोठा नुसता मोठ्यानं वाजत होता! अन् थोडं मोठ्यानं वाजलं की कानाला ते चांगलंच वाटतं. एका वाफ्याला दुप्पट पाणी देऊन खताचं कौतुक करण्यातली गत.

मोठ्याला बारीक घरघरही होती. लॅपटॉपचा चार्जर काढला तशी थांबली. ती डॅकची नव्हतीच, अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटची होती.

मग लॅपटॉपवरून आवाज कमी करून दोन्हीकडं 2 व्होल्ट केले. मी भिंतीकडं तोंड करून बसलो, कारभारणीनं मनाला येईल तसा डॅक बदलून एकच अभंग 12 वेळा लावला. मी 7 वेळा बरोबर सांगितलं. नाणं उडवलं असतं तरी एवढे आले असते. भाच्याचे 6 आले. तो जरा गप्पच झाला.

सगळे डॅक सारखे असतात असं मी म्हणत नाही. माझ्या पहिल्या मोबाईलच्या जॅकमधून चक्क खरखर यायची. अन् माझ्या कानांवर तरी किती भरवसा ठेवायचा? त्याच दिवशी बारीक शिट्टीचे आवाज चढवत नेले. भाच्याला 15 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू आलं, कारभारणीला 10 हजार. माझं 6 हजारालाच थांबलं. तीस वर्षं ट्रॅक्टरवर उघड्या कानांनी बसलोय. परत तीनदा लावून बघितलं. आवाज चालू आहे असं ती दोघं सांगत होती, अन् मला खोली शांत.

ठिबकच्या नळ्या आल्या. त्याच खेपेला 600 रुपयांचे कानावर घालायचे मफ आणले, ते स्टेअरिंगलाच अडकवून ठेवलेत. भाचा डॅक पिशवीत घालून गेला, चार्जर तेवढा विसरला.